रकाना सातवा

न्यासाचा फॉर्म तीन पानी आहे.
पहिल्या पानावर सगळं सोपं:
संस्थेचं नाव, मित्रसभा, सोलापूर.
पत्ता, साखर पेठेच्या मागं
चिलवेरींच्या बंद कारखान्यातली उत्तरेकडची खोली.
मंजूर अनुदान, एक लाख ऐंशी हजार.
पत्रे, कैच्या, सुतार, मजुरी.
हमालाचे सातशे, पावती नाही,
हेही स्वच्छ लिहिलंय.

चौतीस वर्षं जकात नाक्यावर होतो मी.
शहरात काय शिरतं ते मोजायचं.
सुताच्या गाठी, शेंगांची पोती, गुळाच्या ढेपी.
ट्रकवाला म्हणायचा, रिकामाच आहे साहेब,
आणि मी ताडपत्री उचलून बघायचो.

रकाना सातवा: लाभार्थींची संख्या.
खाली बारीक अक्षरात:
झालेला बदल मोजता येईल अशा शब्दांत लिहा.

काय लिहू?
रविवारी दहाला आम्ही अकरा जण बसतो,
बाकांवर, समोरासमोर.
पाद्री नाही, पेटी नाही, प्रवचन नाही.
कुणाला आतून आलं तर उठून बोलायचं,
नाही आलं तर नाही.
मार्चपासून कुणालाच आलेलं नाही.

भिंतीपलीकडं टॉवेलचे माग,
खटक खटक खटक,
त्यांना सुट्टी वीज जाईल तेव्हा.
वीज गेली की एकदम कळतं,
आपण अजून गप्प झालोच नव्हतो.

दारावरची पाटी वाचून
दर श्रावणात गल्लीतली पोरं येतात:
काका, तुमचं मित्र मंडळ कुठल्या नगरसेवकाचं?
यंदा मूर्ती किती फुटी?
मूर्ती नाही रे, म्हणतो मी.
मग डीजे तरी?
पोरं माठातलं पाणी पितात,
आणि जाताना माझ्याकडूनच
एक्कावन्न रुपयांची वर्गणी नेतात.

आता खरी अडचण.
कामातून उरले चार हजार दोनशे साठ.
मी म्हटलं, पंखा घेऊ.
मेमध्ये इथं बाकसुद्धा घामेजतो.
राजव्वा गुंडला उठल्या.
विड्या वळून त्यांची बोटं बोलतानाही वळत राहतात.
म्हणाल्या, मौलालीच्या मागावर गळतंय,
तो ताटली ठेवून काम करतोय,
चार पत्रे टाका की तिकडं.
आणि बसल्या.

आमच्यात हात वर करून मोजत नाहीत.
मी आयुष्यभर मोजणारा,
मला हे अजून जड जातं.
शांतवन उजगरे म्हणाले,
पैसा आपल्या छपरासाठी आला,
दुसऱ्याच्या छपराला कसा लावायचा?
बरोबरच होतं त्यांचं.
बसलो.
पुढच्या रविवारी परत बसलो.
तिसऱ्या रविवारी उजगरे उठले, चष्मा पुसला,
मला पटलेलं नाही, म्हणाले,
पण मी आडवा येत नाही.
हे मी इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं.
तुम्हाला पत्र टाकलं.
तुमचं उत्तर आलं दोन ओळींचं,
त्यातली एक ओळ तारीख.
दुसरी: तुम्हाला जे उमगलं त्यावर आमचा भरवसा आहे.

चार पत्रे बसले मौलालीच्या डोक्यावर.
आधी पाऊस आला की तो माग बंद ठेवायचा,
आम्हाला तेवढीच शांतता.
आता पावसातही खटक खटक.
म्हणजे तुमच्या अनुदानातून, विश्वस्तहो,
आमचा आवाज वाढला.
हा बदल मोजता येतो,
पण तो भरायला रकाना नाही.

मौलाली सभेला येत नाही.
एकदा दारात आला, चप्पल काढली,
आम्हाला तसं बसलेलं पाहून
कुणी गेलं की काय असं समजून
मागच्या बाकावर टेकला, दहा मिनिटं.
उठला तेव्हा काही विचारलं नाही.
त्याला अकरात धरू की वेगळा?

पेन्सिलीनं बारा लिहिलं. खोडलं.
अकरा लिहिलं. तेही खोडलं.
कागद तिथं पातळ झालाय,
उजेडात धरला तर आरपार दिसतं.

तेव्हा सातव्या रकान्यात एवढंच:
रिकामाच आहे साहेब.
ताडपत्री उचलून बघा.
रविवारी, दहाला.
येताना पंचा आणा,
पंखा अजून नाही.