पक्षी सध्या कुठे आहे

माखन्लेथच्या रस्त्यावर, चॅपलच्या पुढच्या वळणाला,
सकाळी सातला जे पडलेलं असतं
ते मी उचलते.
बहुतेक वेळा फेझंट. अक्कल नसलेली जात.
शिकारीसाठी वाढवतात, उन्हाळा सरताना सोडतात शेकड्यांनी,
आणि बंदुकीच्या आधी मोटारच गाठते त्यांना.
एकतीस वर्षं शाळेची बस नेली मी इथून,
काय मेलंय आणि काय नुसतं बसून राहिलंय
हे मला लांबून कळतं.

नियम माझे मीच घातलेत.
पायाचा सांधा अजून वळायला हवा.
पोट फुटलेलं नको, डोळे खोल गेलेले नकोत.
बदक, हंस, समुद्राकडचं काहीही, यंदा बोटसुद्धा लावायचं नाही,
साथ आहे, फाटकाफाटकांवर कागद डकवलेत.
"आणि फेझंटला साथ विचारून येते का, टेगवेन?"
गेथिन कुंपणापलीकडून म्हणतो.
म्हणून तर हे भांडी घासायचे हातमोजे, गेथिन.
म्हणून कच्चं काही नाही,
तासभर उकळी, झाकण घट्ट.

सगळं तारानसाठी.
तारान म्हणजे आमच्या वेल्श भाषेत गडगडाट;
आभाळ वाजलं की पलंगाखाली पहिला हाच.
चौदा वर्षांचा. दात पाच.
डब्यातलं खाणं पुढे केलं तर माझ्याकडे असा बघतो
की मीच ते आधी चघळून टाकलंय.

अंगणात, दगडी फरशीवर,
दोन्ही पंखांवर एकेक बूट ठेवून उभी राहते,
पाय धरते, आणि वर ओढते. हळू. मग एकदम नाही, हळूच.
ओली चादर फाटावी तसा आवाज होतो.
पाय, पाठ, आतडी सगळं माझ्या मुठीत येतं,
आणि खाली दोन पंखांच्या मधे
लाल, स्वच्छ छाती उरते, कुणी वाढून ठेवल्यासारखी.
हे वडिलांनी शिकवलं. बूटही त्यांचेच.
गळ्याच्या पिशवीत मक्याचे दाणे,
एकदा अख्खं ओकचं फळ, टोपीसकट,
एकदा निळा मणी.

शिजल्यावर बोटांनी निवडायचं, मासा निवडावा तसं.
शिजलेलं हाड म्हणजे काच.
छर्रा सापडला की बशीत टाकायचा, टिंग.
त्या टिंगला तारान उठून बसतो.

नोव्हेंबरातली पौर्णिमा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी
तारेखाली एक वेगळाच पक्षी होता.
वाळक्या पानांच्या ढिगाच्या रंगाचा,
चोच माझ्या मधल्या बोटाएवढी.
वुडकॉक. मान मोडलेली, बाकी अंगावर ओरखडा नाही.
एवढासा म्हणून उपटून काढला, पाय छाटले,
पाय वर्तमानपत्रात, पक्षी पातेल्यात.
चष्मा खिडकीत होता.

तारानने ताट चाटलं, मग फरशी चाटली.
मी कागदाची घडी करत होते, तर आत काहीतरी वाजलं.

पायात कडं.
गेथिनने भिंग आणलं, अक्षरं लावली एकेक:
रीगा, लाटव्हिया. पुढे आकडे.
"कळवायला हवं," तो म्हणाला,
तारानकडे न बघता.

फॉर्म दोन पानांचा निघाला.
कुठे सापडला. लिहिलं.
कशामुळे मेला असावा. टेलिफोनची तार, आणि चंद्र.
"चंद्र" खोडलं.
स्थिती: ताजा.
पक्षी सध्या कुठे आहे?
इथे पेन बराच वेळ थांबलं.
जेवणाच्या टेबलाखाली, असं लिहिणार होते.
मग खरं ते लिहिलं: कुत्र्यात.

फेब्रुवारीत उत्तर आलं, टाइप केलेलं, सभ्य.
पिल्लू असताना कडं घातलं होतं, चार वर्षांपूर्वी,
बर्चच्या एका रानात.
इथून अकराशे मैल.
माहितीबद्दल आभारी आहोत.
खाली शाईने, कुणाच्या तरी बारीक हस्ताक्षरात:
कुत्र्याला आवडला का?

अजून उचलते मी. परवाच एक फेझंट, जड.
फक्त आता आधी चष्मा लावते
आणि पाय बघते.