चुंबळ

अजब बंगल्यात लोक येतात ते वाघ पाहायला.
भुसा भरलेला वाघ, काचेचे डोळे,
शेपटीपाशी उसवलेली शिवण.
माझ्या दालनात वाघ नाही.
माझ्या दालनात तांब्याचे तीन पत्रे,
एक कडी, शिक्का,
आणि मी, स्टुलावर, दहा ते पाच.

पोट्टे दारातूनच विचारतात,
“काका, इथं काय हाय?”
राजधानी, म्हणतो मी.
ते डोकावतात. राजधानी दिसत नाही.
“काहीच नाही बे,” आणि पळतात वाघाकडे.

तसं त्यांचंही बरोबरच.
नगरधनला जाऊन पाहा, जिथं ती होती म्हणतात:
धानाच्या बांध्या, एक हातपंप,
बसथांब्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स,
आणि फाळाला अधूनमधून अडणारी जुनी वीट,
जी आमच्याकडे कितीतरी चुलींना लागली.

कुंभलकर मॅडमनी एकदा मजकूर समजावून दिला.
राजानं गाव दान दिलं.
पुढे लांबलचक यादी: यापुढे या गावाकडून
गवत घ्यायचं नाही, चामडं घ्यायचं नाही,
कोळसा नाही, मीठ नाही,
फुलं नाहीत, दूध नाही.
म्हणजे आधी घेत होते, मी म्हटलं.
मॅडम हसल्या. “हो, तसंच.”
आणि आता कोण घेणार?
त्या हसायच्या थांबल्या.
“ज्याला गाव दिलं, तो.”
त्याचं नाव आहे पत्र्यावर, गोत्रही आहे,
चारी दिशांच्या शिवा आहेत.
दूध कोणाचं, ते नाही.

अक्षरं मला वाचता येत नाहीत.
पण सतरा वर्षं पाहतोय:
प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक चौकोनी पेटी.
दुपारी कूलर नुसती गरम हवा फेकतो,
डोळा लागतो न लागतो,
तेव्हा ती अक्षरं राहत नाहीत.
बाया होतात, ओळीनं चाललेल्या,
मान ताठ, तोंडातून शब्द नाही.
मनसरच्या टेकडीवर खोदकाम होतं तेव्हा
अशाच जायच्या, खड्ड्यातून वर, वरून खाली,
डोक्यावर मातीचं घमेलं.
त्यांत माझी माय होती.
साहेब ब्रशनं एकेक वीट पुसायचे, दिवस दिवस.
माय एका खेपेत दोनशे वर्षं उचलायची
आणि चाळणीपाशी ओतायची.
हजेरीवर अंगठा, शनिवारी चुकारा.

परवा ती मेडिकलला आली होती, मोतीबिंदू.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी.
म्हटलं, चल, मी बसतो ते दाखवतो.
वाघासमोर थांबलीसुद्धा नाही.
“जित्ता पाह्यला हाय म्या, देवलापारच्या रस्त्यावर.”
माझ्या दालनाबाहेर तिनं चपला काढल्या.
गरज नाही, म्हणणार होतो. नाही म्हटलं.

उरलेल्या डोळ्यानं ती पत्रा पाहत राहिली.
मी सुरू केलं: हा राजा, हे गाव, हे दान...
तिनं हातानंच गप्प केलं.
“किती बाया हायेत रे ह्या?”
मी कधी मोजल्या नव्हत्या.
“आन एकीलेही चुंबळ नाही दिली, बाप्पा!
टाळू जाते ना अशानं.”

मग तिचं बोट काचेवरून सरकत
कोपऱ्यात गेलं, जिथं पत्र्यांपासून वेगळी
ती तांब्याची गोल कडी ठेवली आहे
नोंद क्रमांकासकट.
“हे काय,” ती म्हणाली, “इथं पडली.”

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं.
त्या म्हणाल्या, ती कडी शिक्क्याची,
पत्रे ओवून एकत्र ठेवण्यासाठी.
मला ठाऊक आहे.
ते लेबल रोज मीच पुसतो.