गेल्तास

सुभाषनगरात संध्याकाळी साडेसातला
समाजमंदिराची ट्यूब दोनदा फडफडून लागते
आणि माझा वर्ग भरतो.
सातजणी. वय पस्तीस ते बासष्ट.
बोटांना कातड्याचा वास,
अंगठ्याला आरीची जुनी भोकं.
दिवसभर चपलांच्या वेण्या घालणाऱ्या ह्या बायका
माझ्यासमोर साधी वेलांटी घालायला लाजतात.

पहिल्याच आठवड्यात शेवंताक्का म्हणाल्या,
"बाई, फोनात नुस्तं बोल्लं की आपसूक उमटतंय की वो.
मग ह्ये कशापायी?"

मी निवृत्त. महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं.
उत्तर तयार होतं, फळ्याच्या कोपऱ्यातल्या सुविचारासारखं.
दिलं.
कुणी मनावर घेतलं नाही.

त्यांचा धाकटा संदेश चाकणला, कंपनीत, रात्रपाळीला.
मशीनच्या दणक्यात आवाज ऐकू येत नाही म्हणतो,
लिहून पाठव.
म्हणून शेवंताक्का फोन तोंडाजवळ धरून
मोरीपाशी उभ्या राहून बोलल्या :
कुटं गेल्तास रं दोन दिस? जेवलास न्हवं?

फोननं लिहिलं :
कुठे गेला होतास दोन दिवस जेवलास नवं

पोराचा उलटा फोन आला.
"आई, कुणाकडनं लिवून घेत्लंस?"

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी तो माझ्यापुढं धरला.
काचेला तडा, कडेला सोल्यूशनचा डाग.
"ह्यातला माजा रं कुटं गेला, बाई?"

मी वाचलं.
'नवं' सोडलं तर शुद्ध.
दहापैकी आठ दिले असते.

दिले असते काय, देतच आले.
एकतीस वर्षं, लाल पेन.
चौथीतल्या एका पोरानं निबंधात लिहिलं होतं,
म्या बा संगं गूळ काढाय गेलो.
त्याच्याकडून 'मी' वीस वेळा लिहून घेतलं.
त्यानं लिहिलं, सुवाच्य.
त्यानंतर मी फळ्यावर लिहीन तेवढंच
तो वहीत उतरवत गेला.
त्याचं नाव आता आठवत नाही,
ते वीस 'मी' आठवतात, एकाखाली एक.

त्या दिवशी पुस्तिका उघडलीच नाही.
र काढला. म्हटलं, ह्यावर खिळ्यासारखं टिंब ठोका.
"आमच्या पायताणाला खिळा नसतो, बाई. टाका म्हणा."
बरं. टाका.

मग गेल्तास.
जोडाक्षरं तिसऱ्या महिन्यात घ्यायची असतात.
मी चाचरत सांगितलं, ल अर्धा करायचा, मग त.
त्या हसल्या.
"दोन कातडी जोडायची तर एकाची कड तासाय लागतीया.
न्हायतर जोड फुगतो."

वहीवर हात थरथरत होता.
त्यांनी पिशवीतनं कातड्याचा तुकडा काढला
आणि आरीच्या टोकानं, एका दमात,
ल ची कड तासून त ला भिडवली.
असला नेटका जोड
मला खडूनं कधी जमला नाही.

तुकडा मांडीवर ठेवून, त्यात बघत बघत,
एका बोटानं फोनमध्ये एक एक अक्षर.
वीस मिनिटं लागली. बाकीच्या सहाजणी श्वास धरून.
शब्द पुरा झाला तशी
त्याखाली लाल नागमोडी रेघ उमटली.

"ही काय म्हंतीया?"
चूक आहे म्हणतेय.
"आन् तुमी?"

लाल पेन पर्समध्ये होतं. सवयीनं हात तिकडं गेला.

पाठवा, म्हटलं.

उत्तर आलं नाही. पोरगा पाळीवर असेल.
फोन पालथा घालून शेवंताक्का वाट बघत बसल्या.
तोवर मागनं जैनबनं वही पुढं सरकवली.

"बाई, 'व्हय'मधला व
कुठल्या अंगानं तासायचा?"