लाभ

खानापूर रोडला, जिथं आधी टायरचं गोडाऊन होतं,
तिथं काचेचं दार आपण होऊन उघडलं.
मी वाकलो. दुकानात शिरताना
उंबऱ्याला हात लावायची सवय.
उंबरा नव्हता.
हात खाली जाऊन रिकामा वर आला.
वॉचमन म्हणाला, "काय सांडलं काय वो, मामा?"
"न्हाई रे."

वृषालीनं ढकलगाडी घेतली.
मी मागं, कापडी पिशवी काखेत,
घडी दिसू नये अशी.

आत गार, चोर्ल्याच्या घाटात पहाटे असतं तसं.
आणि वास नाही.
एवढा किराणा, आणि वास नाही!
रविवार पेठेत डोळे बांधून सोडा मला:
गुळाच्या वासावर डावीकडं,
ब्याडगीच्या ठसक्यावर उजवीकडं,
नाकात गोणपाट शिरलं की आमचं दुकान,
निजगुणप्पा शेट्टर आणि मंडळी.
एकतीस वर्षं माप घातलं तिथं.

सुनेनं चवीला एक हिरवं फळ दिलं.
करवंदाचं लोणचं समजून चावलो.
तोंड कसं करावं कळेना.
चीज मात्र आवडलं. दोनदा घेतलं, खोटं कशाला बोलू.
आणि इथं उंदराच्या लेंड्या नाहीत,
हेही सांगायला हवं.
आमच्याकडं होत्या. निवडायला बायका होत्या, तरी होत्या.

पाट्यांवर कन्नड वर, इंग्रजी खाली,
मराठी गिऱ्हाइकांच्या तोंडात.

काचेच्या हंड्यांची रांग. जोंधळा, नाचणी,
सगळ्यांचे भाव कोट घालून आलेले.
एका हंडीचं झाकण कुणी उचललं
आणि दुकानाला पहिल्यांदा वास आला.
यळ्ळूरचा बासमती.
पाटी वाचली नाही मी. कशाला वाचू?

तराजूपाशी पोरगी, छातीवर नाव, गिरिजा.
इंग्रजीत बोलली, मग हिंदीत,
मग माझी टोपी बघून, "एष्टु बेकु, अज्जा?"
"ओंद किलो."

तांदूळ पडू लागला. लाल आकडे चढू लागले.
माझा उजवा अंगठा खिशात हलला.

पहिल्याच दिवशी शेट्टर म्हणाला होता,
"अंगठा आत ठेव, तम्मा.
गिऱ्हाईक शीग बघतं, अंगठा बघत नाही."
माणूस वाईट नव्हता. मठाला वर्षाला दोन पोती द्यायचा.
शेरामागं अंगठ्याएवढे दाणे,
एकतीस वर्षांचे किती झाले
कुणी मोजले नाहीत.
मोजणारा मीच होतो.

आणि पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही,
लाभ म्हणायचं.
लाभ, मग दोन, मग तीन.
शेट्टर कन्नडात मोजायचा, मी मराठीत,
दोनपासून आमची तोंडं वेगळी.
लाभ तेवढा दोघांचा एकच.

आकडे थांबले. एक, टिंब, तीन शून्यं.
"लाभ," मी म्हणालो. मनात म्हणायचं होतं.

पोरीनं वर बघितलं.
"एरडु," म्हणाली हळूच. मग मोडक्या मराठीत,
"आमचा अज्जा पण तसाच म्हंतो. बैलहोंगलात."

जुनं गिऱ्हाईक असलं तर मी वर चिमूट टाकायचो,
अंगठ्याची थोडी परतफेड म्हणून.
तिचा हात हंडीकडं गेला,
डोळे छताकडं, कॅमेऱ्याकडं.
हसली. हात पुसला.
चिकट चिठ्ठी लावली पिशवीला.

घरी माझं पितळी शेराचं माप आहे,
वृषाली त्यात पेनं ठेवते.
पेनं काढली, पुसलं,
तांदूळ ओतला, अंगठा बाहेर धरून.
धरायला अवघड गेलं. माप हातात डगमगलं.
शीग चढली, उतू गेली,
ओट्यावर थोडे दाणे.

"काय करूलालाय हो मामंजी?" आतून आवाज.

काही नाही, म्हणालो,
आणि एकेक करून वेचत राहिलो.