नाकू साकू

वडगावात रात्री दोनला
दोनच गोष्टी जाग्या असतात:
खालच्या शेडमधले माग,
वरच्या खोलीत माझा ड्रायव्हर.

दूरची मशीनं ब्लॉक मागतात, हा उचलून देतो,
किंवा आलेलं घेऊन डिस्कवर ठेवतो.
गोदामातल्या हमालाचं काम.
त्याच्या पोटात मी बत्तीस थ्रेड सोडले होते,
म्हटलं, हात जास्त तर काम जास्त.

आकडा हलेना.
डिस्क अर्धी रिकामी, प्रोसेसर घामाघूम,
आणि ज्या रकान्याकडे महिनाभर पाहिलंच नव्हतं तिथे
सेकंदाला एक लाख ऐंशी हजार अदलाबदली.

हातातलं खाली ठेव. कुठवर आलो होतो ते टिपून ठेव.
दुसऱ्याचं उचल, तो कुठवर आला होता ते वाच.
कॅशमध्ये त्याचं काहीच ऊबदार उरलेलं नाही, पुन्हा तापव.
तापतंय तोवर तिसऱ्याची पाळी.

मी चौसष्ट केले. माणूस असंच करतो.
वेग आणखी घसरला.
मग रागानं एकच ठेवला.
तासभर झुळझुळीत चाललं,
नंतर एक म्हातारी डिस्क अडखळली
आणि तिच्यामागे अख्खी रांग मुकाट उभी.

सव्वादोनला लाईट गेली.
माग थांबले की कानात जे होतं
त्याला शांतता म्हणवत नाही.
इरण्णा जिन्यात येऊन बसला, भुवयांवर सुताचा भुसा.
'ऊट आतेन, अक्का?'
अपरात्रीसुद्धा आधी जेवणाचंच विचारतो.
'आत,' म्हटलं, आणि पुढचं गाऱ्हाणं मराठीत.

तो म्हणाला, 'मालकांनी दिवाळीला सहा माग दिलते मला.
चारावर आठवड्याला बारा साड्या निघायच्या.
सहावर नऊ.'
'का?'
'चालण्यातच जातंय की ओ सगळं.
धागा तुटतोय इकडं, मी तिकडं.
पोचल्यावर परत हुडकायचं, कुठला तुटला.'
बिडी चाचपली, पेटवली नाही.
'नाकू साकू.'
चार पुरेत.

तो एका वाक्यात दोनदा सीमा ओलांडतो, ठेच लागत नाही.
मला लागते.
कन्नडात शिरताना उंबऱ्याशी काहीतरी खाली ठेवते मी,
परतताना तेच सापडत नाही,
घागर म्हणायला जाते, तोंडात कोड येतं.
ही अदलाबदल कुठल्या रकान्यात मोजतात
मला अजून कळलेलं नाही.
बेळगावात कुणी मोजत असेल असंही वाटत नाही.

लाईट आली. माग एकदम नाही,
एकामागून एक, खोकल्यासारखे सुरू झाले.
मी चार टाकले.
चार कोअर, प्रत्येकाला एकेक थ्रेड बांधून,
कुणी दुसऱ्याच्या मागावर जायचं नाही.
म्हाताऱ्या डिस्कला वेगळी रांग,
तिच्या चालीनं चालू दे.

अदलाबदली अकरा हजार.
डिस्क पहिल्यांदा दमलेली दिसली,
काम करून दमलेली.

त्या ओळीच्या शेजारी टीप लिहिली: नाकू साकू.
सकाळी तपासणाऱ्यानं पुण्याहून विचारलं,
हा आकडा कशावरून, संदर्भ द्या.

वडगाव, लिहिलं मी.
जिना. सव्वादोन.