गिऱ्हाईक

फुजैराच्या हँगरात रात्रीचे पावणेतीन.
समुद्र दिसत नाही, पण पान्याला चिकटतो.

इंजिनाच्या कुशीत बोटाएवढं भोक आहे.
त्यातून मी कॅमेरा आत सोडतो,
आणि पलीकडे उकिडवा बसलेला रोसेंडो
हँडल फिरवतो. हळू. अजून हळू.
एकेक पातं पडद्यावर येतं,
तोंड दाखवतं, पुढे सरकतं.
ऐंशी पाती. मी मराठीतच मोजतो.
एकोणसाठ-एकोणसत्तरला हमखास चुकतो,
मग पुन्हा पहिल्यापासून.

इथली वाळू आत गेली की वाळू राहत नाही.
हजारावर अंशांत वितळते,
पात्यांच्या कडांवर काच होऊन बसते,
हिरवट, पिवळसर, कुठे अगदी दुधी.
पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसूच आलं.
समुद्र ओलांडून आलो
तरी कासाराच्या पोराला काचच भेटली.

आई आठवडी बाजारात बसायची.
डझनभर बांगड्या बोटांत ओवून
नुसता हेलकावा द्यायची.
पिचकी बांगडी आवाजात सापडते.
बाकीच्या किणकिणतात, ती बद्द बोलते.
तेवढी बाजूला काढायची,
गिऱ्हाईक बघत नसलं तरी.
भरताना हातात फुटली, तर तिचे पैसे धरायचे नाहीत.
आणि फुटली म्हणायचं नाही.
वाढली म्हणायचं.

बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत इद्रिस हारून बसलाय.
दोन विमानांचा मालक,
त्यातलं एक महिनाभर जमिनीवरच.
थर्मासातला चहा संपलाय,
तरी झाकण उघडून बघतो.
साडेपाचला कोंबडीची पिल्लं चढवायची आहेत,
एका दिवसाची, बारा हजार.
उद्या ती दोन दिवसांची होतील.
दर वीस मिनिटांनी आत डोकावतो,
"चालेल ना, भाई?"
आमच्या भिंतीवर लिहिलंय,
ग्राहकाचं समाधान सगळ्यात आधी.
कशाच्या आधी, ते लिहिलेलं नाही.

सत्तेचाळिसावं.
रोसेंडो, थांब. किंचित मागे.
काचेच्या सालीखालून एक रेघ निघालीय,
केसाहून बारीक.
मोजली. मर्यादेच्या आत.
उजेड तिरका करून मोजली. मर्यादेच्या जरा बाहेर.
तिसऱ्यांदा मोजायच्या आधी हात धुऊन आलो,
का ते ठाऊक नाही.
बाहेर.

इथे कान उपयोगाचा नाही.
ऐंशीतलं एक बद्द बोलायला लागलं
तर ते कळतं वर, आभाळात,
आणि तिथे मी नसतो.

इद्रिसला आत बोलावलं, पडदा त्याच्याकडे वळवला.
चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर, पुन्हा कपाळावर.
"एवढीशी?"
एवढीशीच.
"आणि उडालो तर?"
तोंडात आईचाच शब्द आला, वाढेल.
तिच्या अर्थाने, आणि मॅन्युअलच्याही.
मी हिंदीत म्हटलं, "बढेगी."
दोनातला एकच अर्थ पोचला.
पुरेसा होता.

त्याने फोन काढला, पिल्लांच्या माणसाशी बोलला,
अरबीत, खालच्या आवाजात,
आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसा.
मग आम्हा दोघांना विचारलं,
या वेळी चहा कुठे मिळेल.

अहवालात मी वाढली लिहिलं नाही.
तडा. पातं सत्तेचाळीस. लांबी. तारीख. सही.
सहा वाजता बिलही गेलं,
तपासणीचे चार तास, पूर्ण दराने.
काच काही आमच्या हातात फुटली नव्हती.

तरी कॅमेऱ्याची केबल गुंडाळताना
मनगटाएवढे वेढे पडत गेले,
नऊ, दहा, अकरा,
आणि बोटांनी सवयीने हेलकावा दिला.
रोसेंडो म्हणाला, सर, इतके छोटे वेढे नको,
आतून तुटेल.