शब्दयादी क्रमांक दोन

सावद्याच्या दवाखान्यात माझी खोली सगळ्यात लहान.
भिंतींना राखाडी फोम, दाराला फ्रिजसारखी जड मूठ.
दार लोटलं की बाहेरचा केळीचा ट्रक,
कंपाउंडरची शिट्टी, मे महिन्याचा तापलेला वारा
कात्रीनं कापल्यासारखं बंद.

आत द्वारकाबाई फेगडे.
वय अडुसष्ट, त्यांनी सांगितलं.
त्र्याहत्तर, सुनेनं दुरुस्त केलं.
कानांवर हेडफोन, हेडफोनवर पदर,
पदर परक्या खोलीत ढळू द्यायचा नाही म्हणून.

मी यादी काढली, पुण्याहून आणलेली,
पंचवीस शब्द, दर शब्दाला चार गुण,
आणि ओठ वाचता येऊ नयेत म्हणून
तोंडापुढे कागद धरला.
"तोंड कामून झाकते वं? दात दुखते का?"

पान. पान.
दार. दार.
डोळा. डोया.
फुली.
बाळ. बाय.
फुली.
केळ. केय.
फुली, आणि बाई हसत होत्या,
जन्म त्या बागांत गेलेला,
हा शब्द तरी आपल्याला येतो म्हणून.

पेन थांबलं.
सकाळीच नलूमावशीनं विचारलं होतं,
म्याडम, काया चहा घेता का?
आणि मी दोन कप प्यायले होते.

फुल्या खोडल्या. एके ठिकाणी कागद फाटला.
पुन्हा पहिल्यापासून.
साप. ताप.
सूप. तूप.
सून.
ऊन.
पुन्हा म्हटलं, सून.
"ऊनच म्हन्ते ना तू? हाये ना बाप्पा, लई ऊन हाये."

या फुल्या खऱ्या होत्या.
आलेखावरची रेघ उजवीकडे
विहिरीत पोहरा सोडावा तशी उतरली होती.

पंधरा दिवसांनी यंत्र बसवलं, डाव्या कानात.
सुनेला म्हटलं, त्यांच्या मागे उभ्या राहा
आणि काहीही बोला.
आठ वर्षांची सवय. ती खच्चून ओरडली,
"आत्या, जेवल्या का?"
द्वारकाबाई दचकल्या, कानावर हात गेला.
"अवं, हयू बोल. मी काय बहिरी हाये?"
सून तशीच उभी.
मग पंख्याकडे बघून त्यांनी विचारलं,
हा कधीपासून खाकरतो?

यादीच्या समासात, ळ समोर,
पेन्सिलीनं मी य लिहून ठेवलाय.

आता खुर्चीवर दिलवर पावरा, साडेतीन वर्षांचा,
सातपुड्यातल्या पाड्यावरून बापाच्या खांद्यावर आलेला.
त्याच्यासाठी यादीच नाही,
ना माझी, ना त्याच्या आईची.
एका वाटीत सोड्याच्या बाटल्यांची झाकणं.
आवाज आला की एक झाकण डब्यात टाकायचं,
हे मी हातवाऱ्यांनी चारदा खेळून दाखवलं.

झाकण गालाशी धरून तो बसलाय.
मी बटण दाबते. थोडं वाढवते. पुन्हा दाबते.
बाप श्वास धरून त्याच्या हाताकडे बघतोय.